अदृश्य किरणांचा शोधक

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या औंधपासून समुद्र बराच दूर आहे. तरीही सुट्टीत कोकणात जाऊन आलेला एखादा सोबती शंख-शिंपले घेऊन येतोच. असा शंख हातात घेतला, की त्याच्या आत काय असेल, असे तुम्हांला वाटते ना? पण आत पाहायचे तर शंख फोडावा लागेल. शंख न फोडता आत पाहण्याची वाट ज्यांच्यामुळे सापडली, त्या थोर शास्त्रज्ञांची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव विल्हेल्म कॉनराड राँटजेन.

त्यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. विल्हेल्म तीन वर्षांचा असताना हे कुटुंब हॉलंडमध्ये राहायला गेले. पुढे युट्रेक्ट येथील शाळेत कोणीतरी शिक्षकांचे हास्यचित्र काढले. ते विल्हेल्मने काढले नव्हते. पण ज्याने काढले, त्याचे नाव सांगायला तो तयार झाला नाही. म्हणून त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले, असे सांगतात. हाती प्रमाणपत्र नाही, त्यामुळे पुढील शिक्षणाची दारे बंद झाली. विचार करा, त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

विल्हेल्म खचला नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे प्रवेश परीक्षेची सोय होती. तो तेथे गेला, मन लावून शिकला आणि १८६९ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली.

पुढे राँटजेन जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक झाले. ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी ते अंधाऱ्या खोलीत प्रयोग करत होते. काचेच्या नळीतून वीज सोडली होती आणि नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकली होती. तरीही थोड्या अंतरावरचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला! नळीतून काही अदृश्य किरण बाहेर पडत होते. ते कोणते, हे माहीत नव्हते. म्हणून त्यांना क्ष-किरण असे नाव मिळाले. राँटजेन यांनी अनेक आठवडे प्रयोगशाळेतच काढले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती.

हे किरण मांसातून सहज आरपार जातात, पण हाडांतील कॅल्शियम त्यांना अडवते. शंख, शिंपले आणि पोवळी यांचे कवच किंवा सांगाडाही कॅल्शियमचाच असतो. म्हणून त्यांचीही अशी चित्रे घेता येतात. झाडाच्या खोडात जशी वर्षाची वलये असतात, तसे पट्टे पोवळ्याच्या सांगाड्यात असतात, हे १९७२ मध्ये क्ष-किरणांनी दाखवून दिले. अशी पोवळी आपल्या मालवणच्या समुद्रातही आहेत. १९८० नंतर तर एखादी लहान वस्तू फिरवत तिची अनेक चित्रे घ्यायची आणि संगणकाने ती जोडायची, अशी सूक्ष्म पद्धत निघाली. तिच्या पहिल्या चित्रांत एक छोटी गोगलगायच होती! आज या पद्धतीने समुद्रातील चिमुकल्या जीवांच्या कवचातील कप्पे, ते न फोडता पाहता येतात.

राँटजेन यांना १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली. शोधाचे हक्क आपल्यापुरते राखले असते, तर ते फार श्रीमंत झाले असते. पण त्यांनी पेटंट घेतले नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत महागाई भडकली आणि त्यांची शिल्लक मातीमोल झाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, शाळेत असताना या माणसाने सोबत्याचे गुपित जपले. मोठेपणी निसर्गाचे गुपित हाती लागले, तेव्हा मात्र त्याने ते सगळ्या जगासाठी खुले केले.