पुराचे गणित मांडणारा अभियंता

धरणातून सोडलेले पाणी खालच्या गावात किती वाजता पोहोचेल आणि तेथे नदीची पातळी किती चढेल, हा प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना अभियंते ज्या दोन समीकरणांचा आधार घेतात, त्यांना सेंट व्हेनंट यांचे नाव आहे. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचित असले, तरी त्यामागचे आयुष्य फारसे कुणाला ठाऊक नसते.

आदेमार बारे द सेंट व्हेनंट यांचा जन्म २३ ऑगस्ट १७९७ रोजी फ्रान्समध्ये झाला. १८१३ मध्ये पॅरिसच्या विख्यात एकोल पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी प्रवेश मिळवला. पुढच्याच वर्षी शत्रुसैन्य पॅरिसच्या वेशीवर येऊन ठेपले आणि विद्यार्थ्यांना शहराच्या रक्षणासाठी पाचारण करण्यात आले. नेपोलियनने सत्ता बळकावली आहे, त्याच्यासाठी लढणे सदसद्विवेकबुद्धीला मान्य नाही, असे सांगून सोळा वर्षांच्या या मुलाने नकार दिला. त्याच्यावर पळपुटेपणाचा शिक्का बसला आणि संस्थेची दारे बंद झाली. त्यानंतरची सुमारे आठ वर्षे त्यांनी सरकारच्या दारूगोळा खात्यात काढली.

१८२३ मध्ये त्यांना पूल व रस्ते बांधणीच्या सरकारी विद्यालयात प्रवेश मिळाला. मात्र, जुना डाग पुसला गेला नव्हता. सहाध्यायी त्यांच्याशी बोलत नसत, एका बाकावर बसत नसत. हा बहिष्कार निमूटपणे सोसत १८२५ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

पुढे कालव्यांच्या कामांवर असताना वाहत्या पाण्याने त्यांना झपाटले. चिकट द्रवांच्या गतीची समीकरणे त्यांनी १८४३ मध्ये, स्टोक्स यांच्या दोन वर्षे आधी, योग्य रीतीने मांडली. ती समीकरणे मात्र नाव्हिए आणि स्टोक्स यांच्याच नावाने रूढ झाली. फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांना १८६८ मध्ये, सत्तरी उलटल्यावर मिळाले.

१८७१ मध्ये, वेढा आणि यादवीतून पॅरिस नुकतेच बाहेर पडले असताना, त्यांनी पूर आणि भरती-ओहोटीच्या पाण्यावरील निबंध अकादमीपुढे मांडला. नदीला लांबी, रुंदी आणि खोली असते. पण पूर मुख्यतः लांबीच्या दिशेने सरकतो. म्हणून प्रत्येक छेदात वेगाची सरासरी घ्यावी आणि एकाच दिशेचा विचार करावा, ही त्यामागची दृष्टी. पहिले समीकरण पाण्याचा हिशेब ठेवते: आत आलेले वजा बाहेर गेलेले, तेवढाच साठा वाढतो. दुसरे समीकरण उतार, दाब आणि तळाचे घर्षण यांचा पाण्याच्या वेगावर होणारा परिणाम सांगते.

ही समीकरणे हाताने सोडवणे जिकिरीचे होते. त्यांचे खरे सामर्थ्य दिसण्यासाठी संगणक यावा लागला. १९५० च्या दशकात अमेरिकेत ओहायो नदीच्या पुरावर ती वापरून पाहण्यात आली. पाणी काठ ओलांडून सपाट मैदानात पसरले, की एका दिशेचे गणित अपुरे पडते आणि द्विमितीय पद्धती लागते. पण काठांमधून वाहणाऱ्या नदीसाठी आजही हेच गणित वापरले जाते.

६ जानेवारी १८८६ रोजी सेंट व्हेनंट यांचे निधन झाले. शहराच्या रक्षणाला नकार दिला म्हणून तरुणपणी ज्यांना वाळीत टाकण्यात आले, त्यांच्याच समीकरणांवर आज नदीकाठच्या असंख्य वस्त्यांचे रक्षण अवलंबून आहे.