पिठाचे पोते आणि नोंदवही

रमजान सुरू झाला की रात्री इशाच्या नमाजनंतर मशिदीतून बराच वेळ कुरआनपठण ऐकू येत राहते. मोहल्ल्याशेजारी राहणाऱ्या हिंदू कुटुंबांनाही तो आवाज ओळखीचा झालेला असतो. ही तरावीहची नमाज. सगळ्यांनी एका इमामामागे रांगेत उभे राहून ती रोज अदा करायची, ही पद्धत घालून दिली इस्लामचे दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी, हिजरी सन १४ मध्ये. त्याआधी मदिनेच्या मशिदीत कोणी एकटा, कोणी पाच-सात जणांना घेऊन अशी ही नमाज विखुरलेली चाले. रमजानच्या एका रात्री हजरत उमर यांनी ते पाहिले आणि उबई बिन कअब यांच्या मागे सगळ्यांना एकत्र आणले. विशेष म्हणजे इमाम ते स्वतः झाले नाहीत.

विखुरलेले काही दिसले की त्याला घडी घालून द्यायची, हा त्यांचा स्वभावच होता. तरावीहमुळे त्यांचे नाव रमजानमध्ये निघते. पण याच स्वभावाने त्यांनी गोरगरिबांच्या सांभाळाचे जे काम उभे केले, त्याची आठवण याच महिन्यात जास्त व्हायला हवी. जकात, सदका आणि फित्र्याचा पैसा हातांतून फिरतो तो याच दिवसांत.

उमर हे मक्केच्या कुरैश टोळीतल्या बनू अदी या शाखेचे. वडील खत्ताब फार कडक. लहानपणी उमर त्यांचे उंट चारायला नेत आणि थकून थांबले तर मार खात. पुढे खलीफा असताना त्याच कुरणावरून जाताना त्यांना ते दिवस आठवले आणि बरोबरच्या लोकांना त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलेही. तरुणपणी ते कुस्ती खेळले, व्यापार केला, लिहायला-वाचायला शिकले. इस्लामचा आरंभी त्यांनी कडवा विरोध केला आणि मग तो स्वीकारला. ती कथा सर्वपरिचित आहे, इथे ती सांगत बसत नाही.

या कामाची सुरुवात त्यांनी खलीफा होण्याआधीच केली होती. मदिनेच्या कडेला एक आंधळी म्हातारी राहत असे. उमर रात्री तिचे पाणी भरायला, घर आवरायला जात. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आले की आपण पोहोचण्याआधीच कोणीतरी सगळे करून जाते. एका रात्री त्यांनी पाळत ठेवली, तेव्हा दिसले की तो माणूस म्हणजे खुद्द खलीफा हजरत अबू बकर (रजि.) आहेत. आपल्याकडे ही गोष्ट दोघांच्या पुण्याईची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात एक अडचणही दिसते. एका म्हातारीकडे दोन माणसे जात होती. शहरातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांकडे कोण जात होते, हे कोणाला माहीत असणार? नोंद तर कुठेच नव्हती.

हिजरी १३ मध्ये, म्हणजे इ. स. ६३४ साली, हजरत अबू बकर यांच्या निधनानंतर उमर खलीफा झाले. रात्रीच्या फेऱ्या त्यांनी सोडल्या नाहीत. एका थंडीच्या रात्री सेवक अस्लम याला घेऊन ते मदिनेबाहेर गेले असता दूर विस्तव दिसला. जवळ गेले तर एक बाई, भोवती रडणारी मुले आणि चुलीवर चढवलेले भांडे. भांड्यात नुसते पाणी होते. काहीतरी शिजते आहे असे वाटून मुले झोपी जातील, एवढीच तिची आशा. समोर कोण उभे आहे हे तिला ठाऊक नव्हते. तिने खलीफाच्या नावाने बोटे मोडली. आमचा कारभार अंगावर घेतो आणि आमची खबर घेत नाही, अशी तिची तक्रार होती. उमर यांनी खलीफाला तुझी अवस्था कशी कळणार, असे विचारून पाहिले, पण ती ऐकून घेईना.

ते धावतच शहरात परतले. मदिनेत त्यांनी पिठाचे कोठार बांधले होते. अडलेल्या वाटसरूंसाठी, पाहुण्यांसाठी तिथे पीठ, सातू, खजूर, मनुका ठेवलेल्या असत. तिथून त्यांनी पिठाचे पोते आणि चरबी घेतली. अस्लम पोते उचलायला पुढे झाला, पण त्यांनी ते आपल्याच पाठीवर ठेवायला लावले. कयामतच्या दिवशी माझे ओझे तू उचलणार नाहीस, असे त्याला सुनावले. मग बाईच्या चुलीपाशी बसून त्यांनी पिठाची पेज शिजवली. विस्तव फुंकताना धूर त्यांच्या दाढीतून निघत होता, असे अस्लमने नंतर सांगितले. पेज निववून मुलांना खाऊ घातली. पोट भरल्यावर मुले हसू-खेळू लागली आणि झोपली, तोवर ते थोडे दूर जाऊन बसून राहिले. आधी रडताना पाहिलेल्या मुलांना हसताना पाहिल्याशिवाय त्यांना उठवेना.

ही कथा बहुतेक जण इथे संपवतात. पण मूळ हकिकतीत आणखी एक वाक्य येते आणि ते महत्त्वाचे आहे. बाईने आभार मानले आणि खलीफा व्हायला तूच जास्त लायक आहेस, असे म्हटले. त्यावर उमर यांनी तिला खलीफाकडे यायला सांगितले, मीही तिथे भेटेन म्हणाले. त्या रात्रीचे पोट पोत्याने भरले. पुढच्या रात्रींसाठी तिचे नाव कुठेतरी लिहिले जायला हवे होते.

ते लिहिण्याची जागा म्हणजे दिवाण. इराणच्या राज्यकारभारातून आलेला हा शब्द. पुढे तो आपल्याकडेही आला. दिवाणजी, दिवाणी दावा, दिवाणखाना हे सगळे त्याच घराण्यातले. हजरत उमर यांचा दिवाण म्हणजे नोंदवही होती. वंशावळीचे जाणकार असलेल्या तिघांना बसवून त्यांनी माणसांची घराण्यावार यादी करवली. यादी खलीफाच्या घराण्यापासून सुरू करावी, असा विचार पुढे आला. त्यांनी तो फेटाळला आणि पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या घराण्यापासून सुरुवात करून आपल्या शाखेला तिच्या जागी, मागे ठेवले. यादीतल्या प्रत्येकाला बैतुलमालमधून, म्हणजे सार्वजनिक खजिन्यातून, ठरलेली रक्कम मिळू लागली.

धान्याचे किती द्यायचे, हेही त्यांनी अंदाजाने ठरवले नाही. जरीब नावाच्या मापाने एक माप धान्य घेऊन ते दळून, मळून, भाजून त्याच्या भाकरी केल्या, तेलात कालवल्या आणि ३० माणसांना दुपारी पोटभर जेवू घातले. संध्याकाळी पुन्हा तितकेच. त्यावरून हिशेब काढला की माणसाला महिन्याला दोन जरीब पुरतात. मग पुरुष, स्त्री, गुलाम सर्वांना तेच माप लागू केले. रेशनच्या दुकानापुढे उभे राहिलेल्या कुणालाही या प्रयोगाची किंमत वेगळी सांगायला नको.

नियम केला की त्याची वाईट बाजूही निघते, हे त्यांना एका बाळाने शिकवले. मदिनेबाहेर व्यापाऱ्यांचा तांडा उतरला होता. चोरीचिलटाची भीती म्हणून हजरत उमर आणि अब्दुर्रहमान बिन औफ रात्रभर पहारा देत होते. एक बाळ सारखे रडत होते. उमर दोनदा आईला जाऊन सांगून आले, तरी रडणे थांबेना. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती वैतागून म्हणाली की मी याचे अंगावरचे दूध तोडते आहे, कारण खलीफा दूध तुटलेल्या मुलांनाच पैसे देतो. मूल अजून काही महिन्यांचे होते. फज्रच्या नमाजला उमर इतके रडत होते की त्यांचे पठण लोकांना समजेना. आपल्या नियमामुळे किती बाळांचे हाल झाले असतील, हाच विचार त्यांच्या मनात होता. नमाज संपताच दवंडी फिरली: मुलांचे दूध घाईने तोडू नका, जन्मापासूनच प्रत्येक मुलाची रक्कम सुरू होईल. हाच हुकूम सगळ्या प्रांतांत गेला. नवजात बाळाला १०० दिरहम, मोठे झाल्यावर २००.

टाकून दिलेले, रस्त्यात सापडलेले मूल आणले गेले तर त्यालाही १०० दिरहम लागू होत. त्याच्या दूधपाण्याचा खर्च खजिन्यातून होई आणि सांभाळणाऱ्याला दर महिन्याला त्याचा वाटा नेता येई. अशा मुलांशी नीट वागण्याची ताकीद वेगळी असे. अनाथ मूल सांभाळणे हे पुण्य आहे, हे अरबस्तानात सगळ्यांना कळले होते. त्या सांभाळाला महिन्याची तारीख आणि रक्कम जोडली ती यांनी.

आणि ही रक्कम घ्यायला बायांनी मदिनेला यावे, अशी अपेक्षा नव्हती. खुजाआ टोळीची वही काखेत मारून खलीफा स्वतः मक्केच्या वाटेवरच्या कुदैदला जात. टोळीतली एकही बाई, लग्न झालेली असो वा नसो, सुटत नसे. प्रत्येकीच्या हातात पैसे ठेवत. तिथून पुढे उस्फानला जाऊन पुन्हा तेच. आपल्या शहरात २५व्या-२६व्या रोजाला मोठ्या घरांसमोर बुरख्यातल्या बायांच्या रांगा लागतात, किराण्याच्या किटवर देणाऱ्याचे नाव छापलेले असते, देताना फोटो निघतो. देणाऱ्यांच्या नियतीवर मी शंका घेत नाही. पण वही घेऊन कुदैदला जाणारा माणूस आपल्याच इतिहासात असताना आपण बायांना उन्हात का उभे करतो, हे मला कळत नाही.

वहीत फक्त मुसलमान नव्हते. मदिनेत एका आंधळ्या म्हाताऱ्याला भीक मागताना पाहून उमर यांनी त्याची चौकशी केली. तो यहुदी होता. जिझिया कर, म्हातारपण आणि गरज यांमुळे हात पसरावा लागतो, असे त्याने सांगितले. उमर यांनी त्याला हाताला धरून घरी नेले, घरातले काही दिले आणि मग खजिनदाराकडे पाठवून त्याचा आणि त्याच्यासारख्यांचा जिझिया माफ केला, खजिन्यातून मदत सुरू केली. तरुणपणी ज्याच्याकडून कर घेतला त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा अन्याय आहे, अशी त्यांची भूमिका होती. सीरियाच्या प्रवासात जाबियाच्या वाटेवर कुष्ठरोगाने पीडित ख्रिस्ती लोक भेटले, तेव्हा त्यांनाही सदक्यातून वाटा आणि रोजचे अन्न देण्याचा हुकूम झाला.

हिजरी १८ चा दुष्काळ अरबस्तानात राखेचे वर्ष म्हणून ओळखला जातो. वाळवंटातून माणसे मदिनेकडे लोटली. सीरियाहून धान्याचे उंट आले, मोठमोठ्या भट्ट्या पेटल्या. इथेही मोजणी झाली. एका रात्री जेवायला आलेले ७ हजार भरले. जे येऊ शकत नव्हते, ते आजारी, म्हातारे आणि लहान मुले मिळून ४० हजार. त्यांचे जेवण त्यांच्या ठिकाणी पोहोचत होते. त्या वर्षी उमर यांनी तूप आणि मांस सोडले. तेलावर राहून गोरा रंग काळवंडला. जकातीची वसुली पुढच्या वर्षावर ढकलली. पाऊस पडल्यावर लोकांना शिधा आणि वाहन देऊन आपापल्या मुलखात परत पाठवले.

स्वतःसाठी त्यांनी बैतुलमालमधून घेतले ते हिवाळ्याचे एक आणि उन्हाळ्याचे एक वस्त्र, हज-उमऱ्यासाठी सवारी आणि कुरैशमधल्या मध्यम कुटुंबाइतके अन्न. अनाथाच्या मालमत्तेवर पालकाचा जेवढा हक्क तेवढाच खजिन्यावर आपला, असे ते मानत. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा गांधीजींनी साध्या राहणीचा दाखला म्हणून हजरत अबू बकर आणि हजरत उमर यांचीच नावे मंत्र्यांपुढे ठेवली होती.

या व्यवस्थेत उणे काहीच नव्हते असे मात्र नाही. एवढा पैसा आला तो जिंकलेल्या इराण-सीरियाच्या महसुलातून. शिवाय हजरत अबू बकर सर्वांना सारखे वाटत. उमर यांनी इस्लामची सेवा आधी कोणी केली यावर श्रेणी लावल्या, त्यामुळे काहींना हजारो दिरहम आणि काहींना शेकड्यांत मिळू लागले. पुढे त्यांचे मन बराबरीकडे वळल्याचे इतिहासकार नोंदवतात.

हिजरी २३ मध्ये, अखेरच्या आठवड्यात, त्यांनी इराकच्या महसुलाचे दोन अधिकारी हुजैफा आणि उस्मान बिन हुनैफ यांना बोलावून पुन्हा पुन्हा विचारले की जमिनीवर तिला झेपणार नाही एवढा सारा तर बसवला नाही ना. दोघांनी नाही म्हटल्यावर त्यांनी आपला बेत सांगितला. आयुष्य राहिले तर इराकच्या विधवांची अशी सोय लावून जाईन की माझ्यानंतर त्यांना कोणाचे तोंड पाहावे लागणार नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी फज्रच्या नमाजमध्ये फिरोज नावाच्या इराणी गुलामाने त्यांना खंजीर मारला. ते काही दिवस जगले. मुलगा अब्दुल्लाह यांना त्यांनी आपल्या कर्जाचा हिशेब करायला लावला आणि ते आधी घरच्या मालमत्तेतून, कमी पडले तर बनू अदीकडून आणि तरीही उरले तर कुरैशकडून मागून फेडायला सांगितले. त्यापलीकडे कोणाकडे जायचे नव्हते. येणाऱ्या खलीफासाठी सूचना ठेवल्या. त्यात राज्यातल्या गैरमुस्लिम प्रजेशी केलेले करार पाळावेत, त्यांच्यावर त्यांच्या ताकदीबाहेर भार टाकू नये, हेही होते. हजरत आयशा (रजि.) यांची परवानगी घेऊन त्यांना पैगंबरांच्या शेजारी दफन करण्यात आले.