चढणीतला आनंद शिकवणारा सायकलगुरू

फ्रान्समधील सेंत-एतिएन हे शहर कोळसा, बंदुका आणि रेशमी फिती यांसाठी प्रसिद्ध होते. या शहरातून दक्षिणेकडे निघणारा रस्ता वस्ती संपते न संपते तोच चढू लागतो आणि फर वृक्षांच्या जंगलातून वळणे घेत ११६१ मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचतो. ही खिंड 'कॉल द ला रेपुब्लिक'. १९०३ साली पहिली टूर द फ्रान्स याच खिंडीतून गेली. दुसऱ्या वर्षी स्थानिक खेळाडू आंत्वान फोर याच्या चाहत्यांनी येथेच विजेत्या मोरिस गारँ याच्यावर हल्ला केला होता. सायकल शर्यतींच्या इतिहासात एवढे नाव कमावलेल्या या खिंडीत जे स्मारक उभे आहे, ते मात्र कोणा विजेत्याचे नाही. ते आहे पॉल द विव्ही यांचे. फ्रान्सचे सायकलस्वार त्यांना 'वेलोसिओ' या टोपणनावाने ओळखतात.

द विव्ही यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी प्रोव्हान्समधील पेर्न या गावी झाला. शिक्षण अभिजात वळणाचे; ग्रीक-लॅटिन वाङ्मयाची गोडी त्यांना अखेरपर्यंत राहिली. पोटापाण्यासाठी ते रेशीम व्यवसायात शिरले आणि तिशी गाठण्यापूर्वीच स्वतःच्या पेढीचे मालक झाले. लग्न, मुले, बरे चाललेला धंदा असा सुरळीत संसार होता. १८८१ मध्ये त्यांनी पहिली सायकल विकत घेतली. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदी छोटे, अशी ती त्या काळातील सायकल होती. एका पैजेखातर ते तिच्यावरून सुमारे १०० किलोमीटर दूर, डोंगरातील ला शेझ-द्यो येथे सहा तासांत पोहोचले. त्यानंतर रेशमातील त्यांचे लक्ष उडाले.

सायकल उद्योगाचे केंद्र तेव्हा इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री होते. द विव्ही यांनी तेथे जाऊन कारखाने पाहिले, यंत्रे समजून घेतली. १८८७ मध्ये रेशमाची पेढी विकून त्यांनी सेंत-एतिएनमध्ये सायकलचे दुकान थाटले आणि त्याच वर्षी एक नियतकालिक सुरू केले. हे नियतकालिक पुढे 'ल सिक्लिस्त' या नावाने देशभर वाचले जाऊ लागले. १८८९ च्या सुमारास 'ला गोलुआज' या नावाने त्यांची स्वतःची सायकलही बाजारात आली. बंदुकीच्या नळ्या घडवणारे कारागीर शहरात पिढ्यान्‌पिढ्या होते. तेच हात आता सायकलीकडे वळत होते.

त्याच वर्षी घडलेला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात हमखास सांगितला जातो. कॉल द ला रेपुब्लिकच्या चढावर द विव्ही घामाघूम होऊन सायकल रेटत होते. तेवढ्यात त्यांच्याच नियतकालिकाचा एक वाचक तोंडात पाइप धरून, धूर सोडत, त्यांना मागे टाकून निघून गेला. त्या गृहस्थाच्या सायकलीचा गिअर हलका होता, एवढेच त्याचे रहस्य! द विव्ही यांच्या डोक्यात मात्र यातून एक कोडे शिरले. हलका गिअर लावला तर चढ सोपा होतो, पण सपाटीवर पाय नुसतेच भिरभिरतात आणि वेग मिळत नाही. जड गिअर ठेवला तर सपाटीवर वारा कापता येतो, पण घाटात उतरून ढकलत जावे लागते. तेव्हाच्या सायकलीला एकच गिअर असे. तो कोणत्या रस्त्यासाठी निवडायचा?

दोन्ही रस्त्यांसाठी दोन गिअर का नकोत, हे त्यांचे उत्तर. आज ते अगदी बाळबोध वाटते. परंतु चालत्या सायकलीवर साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर न्यायची कशी, हा प्रश्न सुटायला अनेक वर्षे लागली. सुरुवातीला त्यांनी पेडलपाशी लहान-मोठी दोन चक्रे बसवली. गिअर बदलायचा तर खाली उतरून हाताने साखळी उचलावी लागे. मग सायकलीच्या दुसऱ्या बाजूलाही तशीच जोडी बसवून चार गिअर साधले. सेंत-एतिएनमध्ये त्या काळी आणखी एक चमत्कारिक युक्ती चालत असे. पेडल उलटे मारले तरी सायकल पुढेच जायची, पण हलक्या गिअरवर. शहरातील मोठ्या कारखान्याने अशा सायकली 'इरोंदेल' या नावाने विकल्याही. द विव्ही यांनी हे सारे प्रकार स्वतः चालवून पाहिले. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी 'डिरेल्यर' ही यंत्रणा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शहरातील अनेक कारागिरांच्या हातून आकाराला आली. त्या प्रयत्नांच्या मागे सल्ला, चाचणी आणि प्रसिद्धी वेलोसिओ यांची होती. आपल्या कल्पनांचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. ज्याला हवे त्याने बनवावे, हीच त्यांची भूमिका. दुकानदार म्हणून ते फारसे श्रीमंत झाले नाहीत, यात नवल नाही.

सायकल शर्यतींच्या जगाने या गिअरांचे स्वागत केले नाही. १९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतात सायकलींची चाचणी घेतली. मार्गात २११५ मीटर उंचीचा तुरमाले घाट होता. गिअर बदलणाऱ्या 'गोलुआज'वर बसलेल्या मार्थ एस या महिला सायकलपटूने तो चढ सायकलवरून न उतरता पार केला. टूर द फ्रान्सचे भावी संस्थापक आंरी देग्रांज यांनी त्यावर नापसंतीच दर्शवली. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, खऱ्या खेळाडूने स्नायूंच्या बळावर जिंकावे, असे त्यांचे मत होते. देग्रांज स्वतः नाणावलेले खेळाडू होते. १८९३ मध्ये तासाभरात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापण्याचा विक्रम त्यांनी केला होता. शिवाय ते वृत्तपत्राचे संपादक होते. माणूस डोंगराशी झुंजून कोसळतो, ही बातमी खपते. माणूस हलक्या गिअरवर मजेत घाट चढतो, ही खपत नाही. त्यांच्या विरोधामागे हा हिशेब मुळीच नव्हता, असे मानणे कठीण आहे.

अर्थात देग्रांज यांच्या बाजूलाही तथ्य होते. त्या काळातील यंत्रणा जड होत्या, कच्च्या रस्त्यांवरची धूळ त्यांत अडके, साखळी ऐन मोक्याच्या क्षणी निसटे. मात्र १९१० साली टूर द फ्रान्स प्रथमच तुरमालेवर गेली, तेव्हा पुढे विजेता ठरलेला ऑक्ताव्ह लापीझ काही अंतर सायकल ढकलत चालला होता. सायकलवरून न उतरता माथा गाठणाऱ्या ग्युस्ताव्ह गारिगू याला १०० फ्रँकचे खास बक्षीस मिळाले. मार्थ एस यांनी हेच आठ वर्षांपूर्वी करून दाखवले होते.

वेलोसिओ वादात फार अडकले नाहीत. त्यांनी माणसे तयार केली. त्यांच्याभोवती जमलेल्या सायकलस्वारांना 'सेंत-एतिएनचा संप्रदाय' म्हणून ओळखले जाऊ लागले. रूढ अर्थाने ते शर्यतींचे प्रशिक्षक नव्हते. हातात घड्याळ घेऊन ते कोणाच्या मागे लागले नाहीत. परंतु दिवसरात्र पेडल मारत आल्प्सच्या खिंडी ओलांडण्याची क्षमता त्यांनी कारकून, शिक्षक, दुकानदार अशा सामान्य लोकांमध्ये निर्माण केली. प्रत्येक मोठ्या सफरीनंतर कोणता गिअर, कोणता टायर, काय खाल्ले, कुठे दम लागला याची नोंद 'ल सिक्लिस्त'मध्ये येई. वाचक आपले अनुभव पाठवत आणि त्यांवर चर्चा झडे. तोवर घाट म्हणजे सायकलस्वाराचा शत्रू मानला जाई. या मंडळींनी रविवारची सुट्टी मुद्दाम घाट शोधण्यात घालवली.

वेलोसिओ यांनी शिष्यांसाठी घालून दिलेले सात नियम प्रसिद्ध आहेत. विसावे मोजके आणि छोटे असावेत, म्हणजे लय तुटत नाही. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, तेही थोडे थोडे. अन्न नकोसे वाटेल किंवा झोप उडेल इतके दमू नये. थंडी वाजण्यापूर्वी कपडा चढवावा, उकडण्यापूर्वी उतरवावा. मद्य, मांस आणि तंबाखू निदान सफरीत तरी टाळावीत. ते स्वतः शाकाहारी होते. अंगात जोर असतो त्या पहिल्या काही तासांत विशेषकरून हात राखून चालवावे. आणि निव्वळ मिरवण्यासाठी पेडल मारू नये. शेवटचा नियम सोडला तर आजचा कोणताही प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना हेच सांगतो.

टायरच्या बाबतीतही त्यांचे मत प्रवाहाच्या विरुद्ध होते. अरुंद आणि दगडासारखा टणक फुगवलेला टायरच वेगवान, असा सार्वत्रिक समज होता. वेलोसिओ यांनी खडबडीत रस्त्यांवर रुंद, लवचीक, कमी हवेचे टायर वापरून पाहिले आणि त्यांनी वेग घटत नाही, उलट शरीर कमी थकते, असा निष्कर्ष काढला. त्यासाठी लहान व्यासाची चाकेही त्यांनी आजमावली. त्यांच्या काळातील घाटरस्ते म्हणजे खडी आणि माती. आज ज्याला माउंटन बायकिंग म्हणतात, त्याच्या बरेच जवळ जाणारे असे त्यांचे सायकल चालवणे होते.

१९२२ पासून सेंत-एतिएनच्या सायकलस्वारांनी त्यांच्या सन्मानार्थ वर्षातून एकदा एकत्र खिंड चढण्याचा दिवस सुरू केला. जिवंतपणी असा मान लाभलेल्या वेलोसिओ यांनी सत्तरीतही सायकल सोडली नाही. १९३० च्या सुरुवातीला एका सकाळी, नेहमीप्रमाणे रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याचे वाचन करून ते बाहेर पडले, असे सांगतात. सायकल हातात धरून रस्ता ओलांडताना मोटार चुकवण्यासाठी ते मागे सरले आणि ट्रामखाली सापडले. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते.

टूर द फ्रान्समध्ये डिरेल्यरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. तोपर्यंत खेळाडू घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या हलक्या चक्रावर साखळी चढवून पुढे जात. देग्रांज यांनी आदल्याच वर्षी प्रकृतीच्या कारणास्तव सूत्रे सोडली होती.

आणखी चार दशकांनी, अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, काही सायकलपटूंनी हाच आनंद आपल्या वाटेने शोधला. मरिन परगण्यातील 'व्हेलो क्लब तमालपाइस'चे चार्ली केली, गॅरी फिशर आणि जो ब्रीझ हे रस्त्यावरील शर्यतींच्या वर्तुळातील तरुण. सरावाच्या शिस्तीतून सुटका म्हणून ते जुन्या, अवजड, रुंद टायरच्या श्विन सायकली घेऊन तमालपाइस डोंगराच्या मातीच्या वाटांवर जात. १९७६ मध्ये त्यांनी 'रीपॅक' नावाची उतारावरील शर्यत सुरू केली. उतारात ब्रेक इतके तापत की हबमधील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, त्यावरून हे नाव पडले. या सायकली वर न्यायच्या तर ढकलाव्या लागत. फिशर यांनी आपल्या सायकलीला डिरेल्यर बसवला आणि डोंगर चढणेही मजेचे झाले. ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी सांगाडे घडवले. १९९० मध्ये माउंटन बायकिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

कॅलिफोर्नियातील या तरुणांनी २६ इंची चाके वापरली आणि तीच अनेक वर्षे रूढ राहिली. फ्रान्सच्या भटक्या सायकलस्वारांनी रुंद टायरसाठी पसंत केलेले '६५०-बी' हे माप तोवर जवळजवळ विस्मरणात गेले होते. मार्च २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग येथे स्वित्झर्लंडच्या नीनो शुर्टर याने विश्वचषक मालिकेतील शर्यत जिंकली, ती याच मापाच्या चाकांवर.