कुमागुसु मिनाकाता

कुजक्या लाकडावरील श्लेष्मकवकांपाशी फारसे कोणी थांबत नाही. नावात कवक असले तरी ती बुरशी नव्हे. या उपेक्षित जिवांपायी तुरुंगात गेलेला एक संशोधक मला ठाऊक आहे. ते म्हणजे जपानचे कुमागुसु मिनाकाता.

जन्म १८६७ चा, वाकायामाचा. अमेरिका, क्यूबा व लंडन येथे त्यांनी सुमारे चौदा वर्षे काढली. पदवी मात्र एकही घेतली नाही. 'नेचर'मध्ये त्यांचे लेख छापून येत. पण ब्रिटिश म्युझियममध्ये ते हातघाईवर आले आणि तेथील दार बंद झाले. स्वभाव तापटच म्हणायचा! १९०० साली ते मायदेशी परतले.

पुढे नाचीच्या रानात व १९०४ पासून तानाबे गावी राहून त्यांनी श्लेष्मकवके गोळा केली. काम मोठे चिकाटीचे. हा जीव प्रथम चिकट गोळ्यासारखा असतो आणि जिवाणू गिळत सावकाश सरकतो. आमच्या इचोड्याकडे पावसाळ्यात सागाच्या कुजक्या ओंडक्यांवर असे पिवळे गोळे मी पाहिले आहेत. पण तेवढ्यावरून जात ठरवणे कठीण. बीजुककोश धरेपर्यंत थांबावे लागते. मग कोशाचा देठ, आतील तंतूंचे जाळे, चुन्याचे कण, बीजुकांचा रंग व माप हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. मिनाकाता आपले नमुने इंग्लंडला आर्थर लिस्टर व त्यांच्या कन्या गुलिएल्मा यांच्याकडे पाठवीत. अंगणातल्या काकीच्या झाडावर (हे आपल्या तेंदूच्याच गणातले) सापडलेल्या एका नव्या नमुन्याला गुलिएल्माबाईंनी १९२१ साली त्यांचेच नाव दिले: मिनाकातेल्ला लाँगिफिला.

१९०६ साली सरकारने लहान देवस्थाने मोठ्यांत विलीन करण्याचा हुकूम काढला. देवस्थान गेले की त्याची राई कुऱ्हाडीखाली. आपल्या देवरायांवरून हे दुःख सहज कळेल. मिनाकातांनी वृत्तपत्रांतून झोड उठवली. १९१० मध्ये अधिकाऱ्याला भेटण्यासाठी ते एका सभेत घुसले, दंगा झाला आणि अठरा दिवस कैद भोगावी लागली. अनेक राया गेल्याच. पण तानाबेच्या उपसागरातील काशिमा बेटाचे रान राहिले.

१ जून १९२९ रोजी सम्राट हिरोहितो, जे स्वतः जीवशास्त्राचे अभ्यासक, त्याच बेटावर उतरले. नंतर युद्धनौकेवर मिनाकातांनी त्यांना व्याख्यान दिले आणि ११० नमुने भेट केले, तेही कॅरॅमलच्या खोक्यांतून! दरबारी मंडळींचे चेहरे कसे झाले असतील!

१९३५ साली काशिमाला नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण मिळाले. २९ डिसेंबर १९४१ रोजी मिनाकाता तानाबेतच वारले.