भक्तवर श्रीसनातन गोस्वामी

अर्धे आयुष्य सरेपर्यंत मनुष्याजवळ पुष्कळ काही साठलेले असते. मान असतो, धन असते, अधिकार असतो, आणि आपल्यावाचून कोणाचे चालत नाही असा समजही असतो. या साठ्यालाच तो आपले सामर्थ्य मानतो. परंतु एखाद्या दिवशी अंतःकरण निराळ्या दिशेने ओढ घेऊ लागले म्हणजे हाच साठा पायांतील बेडी होऊन बसतो. बंगालच्या राजमंत्रिपदावरून उठून व्रजभूमीतील वृक्षातळी जाऊन बसलेल्या श्रीसनातन गोस्वामींचे चरित्र ही बेडी कशी तुटते ते दाखविणारे आहे. ती एका आघाताने तुटत नाही, तिचा एकेक दुवा गळत जातो, हेही त्यावरून कळते.

सनातनांचे पूर्वज मूळचे कर्नाटकातील ब्राह्मण. पुढे हे कुल बंगालमध्ये गंगातीरी येऊन स्थिरावले. सनातन, रूप आणि वल्लभ हे तिघे बंधू. थोरले दोघे संस्कृत शास्त्रांत निष्णात असून राजकारणातही अत्यंत कुशल होते. त्या काळी गौड नगरीत अलाउद्दीन हुसेनशहा (इ. स. १४९४–१५१९) राज्य करीत होता. या चतुर सुलतानाने दोघांची योग्यता ओळखून त्यांस आपल्या कारभारात उच्च पदे दिली. सनातन ‘साकर मल्लिक’ झाले, तर रूप ‘दबीर खास’. राजधानीनजीक, आजच्या मालदा जिल्ह्यातील रामकेली या गावी त्यांचा वाडा होता. दिवसभर दरबारची कामे आणि रात्री भागवताचे चिंतन, असा त्यांचा क्रम चाले. बाहेरून पाहणाऱ्यास काही उणे दिसत नव्हते. मात्र आपले दिवस आपल्या स्वाधीन नाहीत, ही जाणीव दोघांनाही आतून पोखरीत होती.

इ. स. १५१४ च्या सुमारास श्रीचैतन्यमहाप्रभू वृंदावनास जाण्याच्या इच्छेने रामकेलीस आले. त्यांच्यामागे लोकांचा प्रचंड समुदाय होता. मध्यरात्री दोघे बंधू राजवेष उतरवून साध्या वेषाने त्यांच्या भेटीस गेले आणि त्यांच्या चरणी लोटांगण घातले. त्या भेटीतही सनातनांची व्यवहारबुद्धी जागी होती. इतक्या मोठ्या जमावासह वृंदावनाची यात्रा करणे उचित नव्हे, असे त्यांनी नम्रपणे सुचविले. महाप्रभूंना ते पटले आणि ते माघारी फिरले.

या भेटीनंतर दरबारात दोघांचे मन रमेना. धाकट्या रूपांनी आपले द्रव्य नावेत घालून घर गाठले. अर्धे द्रव्य ब्राह्मण-वैष्णवांस दिले, चतुर्थांश आप्तांस वाटले, उरलेले अडीअडचणीसाठी विश्वासू माणसांकडे ठेविले आणि वल्लभांसह ते वृंदावनाच्या वाटेस लागले. बंधूच्या उपयोगी पडावे म्हणून गौडातील एका वाण्याकडे त्यांनी दहा सहस्र मुद्रा ठेवल्या होत्या.

सनातनांचा मार्ग इतका सोपा नव्हता. राज्याचा भार त्यांच्यावर होता आणि सुलतान त्यांना सोडण्यास मुळीच तयार नव्हता. प्रकृती बरी नसल्याचे निमित्त सांगून ते घरी राहिले व वीस-तीस पंडितांसमवेत भागवताचे परिशीलन करू लागले. सुलतानाने राजवैद्य पाठविला. त्याने रोग नसल्याचे कळविले. तेव्हा सुलतान स्वतःच वाड्यावर येऊन उभा राहिला. सनातनांनी स्पष्ट सांगितले की यापुढे आपल्या हातून काम होणार नाही, दुसरा मनुष्य नेमावा. पुढे ओरिसावरील स्वारीत बरोबर येण्याची आज्ञा झाली. ज्या मोहिमेत देवस्थानांस पीडा होणार तिच्यात सहभागी होण्यास सनातनांनी नकार दिला. सुलतानाने त्यांना बंदीखान्यात टाकविले आणि तो स्वारीवर निघून गेला.

कालपर्यंत ज्याच्या शब्दावर राज्य चालत होते, त्याच्या पायांत आता लोखंडी साखळदंड पडले. याच कोठडीत त्यांना रूपांचे पत्र पोहोचले. वाण्याकडील द्रव्याचा वापर करून सुटका करून घ्यावी, असे त्यात होते. बंदीपालावर सनातनांनी पूर्वी उपकार केले होते. तरीही सुलतानाच्या भयाने तो कचरत होता. अखेर सात सहस्र मुद्रांची रास पुढे दिसताच तो वश झाला. रात्री बेड्या तोडून त्याने सनातनांना गंगापार केले. हा मार्ग निर्मळ नव्हता, आणि कृष्णदास कविराजांनी ‘चैतन्यचरितामृत’ या ग्रंथात हे वृत्त काही न झाकता दिले आहे. राजकारणी पुरुष राजकारणाच्याच साधनांनी बाहेर पडला. अंतरीची शुद्धी पुढेच व्हावयाची होती.

राजरस्ता टाळून ते ईशान नावाच्या सेवकासह डोंगराळ प्रदेशात आले. तेथील एका भूमिपतीने त्यांचे फारच आदरातिथ्य केले. दरबारात मुरलेल्या सनातनांना त्या अवाजवी आदराचा संशय आला. त्यांनी ईशानास विचारले, तेव्हा जवळ सात मोहरा असल्याचे त्याने सांगितले. त्या साती मोहरा सनातनांनी आपण होऊन यजमानापुढे ठेविल्या आणि केवळ डोंगर पार करून देण्याची विनंती केली. तो विस्मित झाला. पाहुण्यांजवळ आठ मोहरा आहेत हे त्याला ठाऊक होते आणि त्या रात्री दोघांचा वध करण्याचा त्याचा बेत होता. लज्जित होऊन त्याने धन परत देऊ केले. परंतु सनातनांनी ते घेतले नाही. त्याने चार माणसे देऊन त्यांना अरण्यातून पार पोहोचविले. पुढे विचारल्यावर ईशानाने आठवी मोहोर अद्याप जवळ असल्याचे कबूल केले. तीच मोहोर देऊन सनातनांनी त्याला घरी परत पाठविले आणि ते एकटेच पुढे चालू लागले.

हाजीपूर येथे त्यांचे मेहुणे श्रीकांत सुलतानासाठी घोडे खरेदी करीत होते. थंडीसाठी त्यांनी एक मौल्यवान भोटकांबळे सनातनांच्या अंगावर घातले. काशीस महाप्रभूंनी त्यांना कडकडून आलिंगन दिले. सनातनांनी क्षौर केले, नवे वस्त्र नाकारून तपनमिश्रांचे जुने धोतर पत्करले. मात्र महाप्रभूंची दृष्टी वारंवार त्या कांबळ्याकडे जात होती. सनातन काय ते उमजले. गंगेच्या घाटावर एक बंगाली मनुष्य आपली फाटकी वाकळ धुऊन वाळवीत होता. त्याला कांबळे देऊन त्यांनी ती वाकळ मागून घेतली आणि ती पांघरून ते परतले. त्यानंतर दोन महिने महाप्रभूंनी त्यांना भक्तितत्त्वाचा उपदेश केला.

तरीही एक गाठ उरली होती. काही काळाने झारखंडाच्या अरण्यातून पुरीस येताना त्यांचे शरीर खरजेने भरून गेले. हा देह आता कोणाच्याही उपयोगाचा नाही असे वाटून रथयात्रेत जगन्नाथाच्या रथचक्राखाली तो टाकावा, असे त्यांच्या मनात आले. महाप्रभूंनी ते जाणले व त्यांना कठोर शब्दांत अडविले. देह एकदा अर्पण केल्यावर तो आपल्या मर्जीने मोडण्याचा अधिकार उरत नाही. या देहाकडून अद्याप पुष्कळ काम करवून घ्यावयाचे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आपण आपले नाही, हे कळताच सनातनांचा उरलासुरला भारही उतरला.

वृंदावनात ते आणि रूप माधुकरी मागून, वाळकी भाकरी व चणे खाऊन, एकेका वृक्षातळी एकेक रात्र काढीत राहिले. लुप्त झालेल्या तीर्थस्थळांचा त्यांनी शोध घेतला, श्रीमदनमोहनाची सेवा चालविली. ‘बृहद्भागवतामृत’ हा ग्रंथ आणि भागवताच्या दशम स्कंधावरील ‘वैष्णवतोषणी’ ही टीका सनातनांनी येथेच लिहिली. ही टीका इ. स. १५५४ मध्ये पूर्ण झाली. राज्याचे हिशेब ठेवणारी ती लेखणी आता कोणाच्याही आज्ञेवाचून चालत होती.

आषाढी पौर्णिमेस त्यांनी देह ठेविला. शोकाने त्यांच्या अनुयायांनी मुंडन केले. म्हणून गोवर्धनाच्या परिसरात ती तिथी ‘मुडिया पौर्णिमा’ म्हणून ओळखली जाते. आजही त्या दिवशी मुंडन केलेले वैष्णव कीर्तन करीत निघतात आणि लक्षावधी यात्रेकरू गिरिराजाची परिक्रमा करतात.

प्रत्येक गृहस्थाने घर सोडावे, असा या चरित्राचा अर्थ नाही. ईशानाला सनातनांनी घरीच पाठविले होते. परंतु सात मोहरा देऊन टाकल्यावरही आठवी कोठे दडली आहे, हे मात्र प्रत्येकाने स्वतःस विचारावे. कोणाची ती अधिकारात असते, कोणाची मुलांवरील हुकमतीत, कोणाची केलेल्या त्यागाच्या अभिमानात. ती हातची सुटली म्हणजे त्याच घरात, त्याच कर्तव्यांत राहूनही मनुष्य मोकळा होतो. आणि त्यासाठी आयुष्याची कोणतीही वेळ उशिराची नसते.