अहिल्यादेवींच्या गादीवरचा राजा आणि त्याची ड्यूसेनबर्ग : स्पोर्ट्स कार नेमकी कशाला म्हणायचं?

लांबच लांब बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली बॉडी, बसायला जेमतेम दोघांची जागा आणि रंग केशरी-काळा. इंदूरच्या महाराजांच्या या जुन्या गाडीचे फोटो सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतात. खाली कमेंटमध्ये ठरलेले दोन गट असतात. एक म्हणतो, काय तो थाट! दुसरा म्हणतो, रयतेच्या पैशावर चैन, दुसरं काय? मध्येच एखादा गाडीवेडा विचारतो, पण हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का?

तिन्ही प्रतिक्रियांमध्ये तथ्य आहे. म्हणूनच या गाडीच्या मालकाची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हे मालक म्हणजे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे. इंग्रजांना सळो की पळो करून सोडणारे पहिले यशवंतराव वेगळे, त्यांचा मृत्यू १८११ सालचा. आपले यशवंतराव जन्मले ६ सप्टेंबर १९०८ रोजी, इंदुरात.

आता राहुरीत बसून इंदूरच्या राजाबद्दल का वाचायचं? कारण होळकरांचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध थेट आहे. याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावी १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म झाला. जिल्ह्याचं अहिल्यानगर हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्या ज्या गादीवरून कारभार करत होत्या, त्याच गादीवर पुढे यशवंतराव बसले.

खुनाच्या खटल्यामुळे मिळालेली गादी

यशवंतरावांना गादी मिळाली तीच मुळी एका खळबळजनक प्रकरणातून. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याचा खून झाला. सोबत असलेल्या मुमताज बेगमवरही हल्ला झाला. ही मुमताज आधी इंदूरच्या दरबारात होती आणि तिथून निघून आली होती. हल्लेखोरांचे धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले. तेव्हा गादीवर होते यशवंतरावांचे वडील, तुकोजीराव तिसरे.

इंग्रज सरकारने तुकोजीरावांसमोर दोन पर्याय ठेवले. चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. त्यांनी गादी सोडली. फेब्रुवारी १९२६ मध्ये सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले. वय लहान असल्यामुळे कारभार काही लगेच हातात आला नाही. पूर्ण अधिकार मिळायला १९३० साल उजाडलं.

मधल्या काळात त्यांचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. आधी चार्टरहाऊस शाळा, मग ऑक्सफर्ड. लग्न तर त्याआधीच झालं होतं, कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराजेंशी. दोघंही तरुण आणि युरोपात रमलेले. पॅरिसमध्ये मान रे या नावाजलेल्या फोटोग्राफरने या जोडप्याचे काढलेले फोटो आजही कलाप्रेमींना ठाऊक आहेत. एरवी राजेरजवाडे फोटोत तलवार घेऊन ताठ बसायचे. हे दोघं मात्र एकमेकांकडे बघून चक्क हसताना दिसतात.

नव्याचं वेड

युरोपात त्यांची गाठ पडली एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टशी. तो वयाने त्यांच्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा. यशवंतरावांनी त्याच्यावर इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचं काम सोपवलं. १९३० ते १९३३ च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या या वाड्यात घुमट, कमानी, नक्षीकाम असलं काही नव्हतं. साध्या सरळ रेषा, धातूचं आणि काचेचं फर्निचर, शिवाय वातानुकूलन. रोमानियन शिल्पकार ब्रांकुशीची तीन शिल्पं त्यांनी विकत घेतली. ती ठेवायला इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं होतं आणि त्यासाठी ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊनही गेला. ते मंदिर मात्र कधीच बांधलं गेलं नाही.

थोडक्यात, जगात जे सगळ्यात नवं, ते या माणसाला हवं असायचं. आणि १९३० च्या दशकात नवेपणाची सगळ्यात मोठी खूण होती वेगवान मोटार.

आता ती गाडी

अमेरिकेतली ड्यूसेनबर्ग कंपनी फ्रेड आणि ऑगस्ट या जर्मनीत जन्मलेल्या भावांची. फ्रेड सुरुवातीला सायकली बनवायचा. पुढे दोघं रेसच्या गाड्यांकडे वळले. १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्या गाडीने जिंकली. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा जिंकली. १९२६ मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योजकाने कंपनी विकत घेतली आणि भावांना सांगितलं की जगातली सगळ्यात भारी गाडी बनवा. त्यातून १९२८ च्या अखेरीस मॉडेल जे आलं आणि नंतर त्याची आणखी ताकदवान आवृत्ती, एसजे.

एसजेचं इंजिन ६.९ लिटरचं. एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण ३२. त्यावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जळणार आणि ताकदही जास्त मिळणार. कंपनी ३२० हॉर्सपॉवरचा दावा करायची. १९३५ मध्ये याच इंजिनावर बनवलेल्या खास गाडीने अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर २४ तास सरासरी ताशी सुमारे २१८ किलोमीटरचा वेग राखला होता.

यशवंतरावांची १९३६ ची एसजे दोन देशांत मिळून तयार झाली. इंजिन आणि सांगाडा अमेरिकेचा, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याची. त्या काळी श्रीमंत गिऱ्हाईक इंजिनासह नुसता सांगाडा घ्यायचं आणि बॉडी आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. गाडीच्या पुढे लाल आणि निळा असे दोन दिवे होते. गाडी महाराज चालवत असतील तर एक आणि महाराणी चालवत असतील तर दुसरा लावायचा, म्हणजे रस्त्यावरच्या पोलिसाला कळायचं, असं सांगतात.

मग ही स्पोर्ट्स कार आहे का?

ऊस तोडणीच्या हंगामात राहुरीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. ट्रॅक्टर आणि स्पोर्ट्स कार दोन्हीकडे इंजिनच असतं, पण काम अगदी उलटं. ट्रॅक्टरला वजन हवं असतं, कारण त्याशिवाय चाकांना मातीत पकड मिळत नाही. वेग नसला तरी चालतो, ओढण्याची ताकद हवी. स्पोर्ट्स कारला वजन म्हणजे शत्रू.

स्पोर्ट्स कारची जगभरात सर्वमान्य अशी कायदेशीर व्याख्या नाही. पण काही खुणांवर बहुतेकांचं एकमत आहे.

पहिली, वजनाच्या मानाने ताकद. १०० हॉर्सपॉवरचं इंजिन १,००० किलोच्या गाडीत असेल तर ती चपळ वाटते. तेच इंजिन २,००० किलोच्या गाडीत घातलं की ती सुस्त होते.

दुसरी, बुटकी ठेवण. वजन जमिनीच्या जितकं जवळ, तितकी गाडी वळणावर कमी कलते.

तिसरी, स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शन. सरळ रस्त्यावर पळणाऱ्या गाड्या पुष्कळ असतात. वळणावर चालवणाऱ्याच्या मनासारखी वळते ती स्पोर्ट्स कार.

चौथी, हेतू. सामान आणि माणसं नेणं दुय्यम, चालवण्याचा आनंद मुख्य. म्हणून सहसा सीट दोनच.

या कसोट्या लावल्या तर ब्रिटिश एमजी आणि लोटस, जपानी माझदा एमएक्स-५, जर्मन पोर्शे अगदी फिट बसतात. फरारीची स्वतःच्या नावाची पहिली गाडी १९४७ ची, पोर्शेची १९४८ ची. लॅम्बोर्गिनीची गंमत म्हणजे फेरुचिओ लॅम्बोर्गिनी शेतकऱ्याचा मुलगा. त्याने १९४८ मध्ये आधी ट्रॅक्टरचा कारखाना काढला आणि मोटारींकडे वळला तो १९६३ मध्ये. आपल्याकडेही प्रयत्न झाले. गोव्यात सॅन मोटर्सने स्टॉर्म ही छोटी उघडी टू-सीटर बनवली. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हात रेसमो दाखवली, पण ती विक्रीला आली नाही.

आणि ड्यूसेनबर्ग? सीट दोन, इंजिन रेसच्या रक्ताचं, हेतू वेगाचा. इथपर्यंत उत्तर हो. पण वजन दोन टनांच्या वर. तिच्या लांब चेसिसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरच सुमारे ३.९ मीटर, तर आजची अख्खी स्विफ्ट त्याहून थोडी आखूड. वळणावळणाच्या घाटात एखाद्या हलक्या एमजीने तिला घाम फोडला असता. त्यामुळे काटेकोर अर्थाने ती स्पोर्ट्स कार ठरत नाही. लांब पल्ला वेगात आणि ऐटीत कापणाऱ्या गाड्यांच्या पंगतीत ती बसते. तिला स्पीडस्टर म्हणायचे, तेच बरोबर आहे.

पैसा कुणाचा?

आता कमेंटमधल्या दुसऱ्या गटाकडे येऊ. १९३० चं दशक जागतिक मंदीचं होतं. शेतमालाचे भाव कोसळले होते आणि संस्थानाचं उत्पन्न शेवटी शेतसाऱ्यावरच उभं होतं. त्या काळात राजाने अशी गाडी मागवणं आज खटकतं आणि ते खटकायलाच हवं.

होळकरांच्या घरात तर याबाबत एक जुना दंडक होता. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली. तेव्हापासून खासगी आणि दौलत, म्हणजे घरचा आणि राज्याचा पैसा, हे हिशेब वेगळे राहिले. अहिल्यादेवींनी देशभर घाट, मंदिरं, विहिरी बांधल्या त्या खासगीतून. स्वतः मात्र महेश्वरच्या साध्या वाड्यात राहिल्या. त्यांचा पैसा त्यांच्या घराबाहेर पडला आणि लोकांच्या वाटेवर पोहोचला. यशवंतरावांचा बराचसा पैसा पॅरिस, लंडन आणि बर्लिनच्या कारागिरांकडे गेला. दोघांमधला हा फरक लपवण्यात अर्थ नाही.

पण दुसरी बाजूही आहे. इंदूरला पाणी पुरवणारा यशवंतसागर तलाव त्यांच्याच राजवटीतला. त्यांच्या आश्रयाखालच्या होळकर क्रिकेट संघाने सी. के. नायडूंच्या नेतृत्वात रणजी करंडक चार वेळा जिंकला. भाऊसाहेब निंबाळकर, चंदू सरवटे, मुश्ताक अली असे खेळाडू त्यात होते. युद्धकाळात लष्करी नोकरीसाठी भारतात आलेल्या इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टननेही या संघाकडून खेळताना रणजीच्या अंतिम सामन्यात नाबाद २४९ धावा काढल्या. १९४२ मध्ये यशवंतरावांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना खुलं पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. इंग्रजांच्या मांडलिक राजाने असं करणं ही साधी गोष्ट नव्हती.

शेवटचा टप्पा

१९३७ हे साल यशवंतरावांना फार जड गेलं. स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजेंचं निधन झालं. त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. मुलगी उषा तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. ज्या गाडीला महाराणींचा वेगळा दिवा होता, ती येऊन फार काळ झाला नव्हता. योगायोगाने त्याच वर्षी कॉर्डचा उद्योगसमूह कोसळला आणि ड्यूसेनबर्ग कंपनीही बंद पडली.

यशवंतरावांनी पुढे दोन अमेरिकन महिलांशी लग्नं केली. पहिलं १९४३ मध्ये घटस्फोटात संपलं. स्वातंत्र्यानंतर संस्थान भारतात आलं. मे १९४८ मध्ये इंदूर मध्य भारत राज्यात विलीन झालं आणि यशवंतराव १९५६ पर्यंत तिथे उपराजप्रमुख होते. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३. गादीचा वारसा उषाराजेंकडे गेला.

माणिकबागमधल्या बऱ्याच वस्तूंचा १९८० मध्ये मोनाकोत लिलाव झाला. वाड्यात नंतर सरकारच्या करखात्याचं कार्यालय आलं. केशरी-काळी ड्यूसेनबर्ग समुद्र ओलांडून पुन्हा अमेरिकेत गेली. इंदुरात त्यांच्या नावाने रोज ऐकू येतं ते एम. वाय. हॉस्पिटल, म्हणजेच महाराजा यशवंतराव रुग्णालय. आसपासच्या जिल्ह्यांतून गोरगरीब रुग्ण तिथे येतात.

तेव्हा पुढच्या वेळी त्या गाडीचा फोटो स्क्रीनवर आला, तर कमेंटमधल्या तिघांनाही उत्तर देता येईल. थाट खराच होता. त्याची किंमत रयतेने मोजली, हेही खरं. आणि गाडी कितीही देखणी असली, तरी दोन टनांची स्पोर्ट्स कार नसते!