फुलराणीचा आवाज : भक्ती बर्वे

नटाचे छायाचित्र भिंतीवर टांगता येते, आवाज टांगता येत नाही. तो ऐकणाऱ्याच्या कानात राहिला तरच राहतो. भक्ती बर्वे यांचा आवाज असा राहिला आहे. त्या गेल्या तेव्हा मी जन्मलेही नव्हते. तरी घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणी 'फुलराणी' म्हटले की वडीलधारी मंडळी त्यांचेच नाव घेतात.

त्यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगलीचा. लहानपणीच सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'मधून त्या बालरंगभूमीवर आल्या. पुढे मुंबई आकाशवाणीवर निवेदिका झाल्या. मायक्रोफोनपुढे वेशभूषा, हावभाव, रंगमंचाचा प्रकाश यांपैकी काहीच कामी येत नाही. श्वास कोठे घ्यावा, शब्द कोठे सोडावा, एवढेच हाती असते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तेथेही त्यांनी बातम्या वाचल्या. बातम्यांची मराठी म्हणजे प्रमाण मराठी. तीत एक अक्षरही इकडचे तिकडे होऊन चालत नाही.

आणि १९७५ मध्ये याच बाईंनी रंगभूमीवर मराठीचे सगळे नियम धाब्यावर बसवणारी मुलगी उभी केली! नाटक 'ती फुलराणी'. बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' १९१३ साली प्रथम रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी ते अस्सल मराठी मातीत रुजवले. सतीश दुभाषी यांनी भाषेचे प्राध्यापक रंगवले, तर भक्ती बर्वे यांनी फुले विकणारी मंजुळा. रस्त्यावरच्या या मुलीला शुद्ध बोलायला शिकवून उच्चभ्रू समाजात खपवून दाखवायचे, अशी पैज असते. भूमिका अवघड आहे. आधी रांगडी बोली, मग अडखळत घोटलेले उच्चार आणि शेवटी सफाईदार भाषा, हा सारा प्रवास एकाच गळ्यातून व्हायला हवा आणि मुलगी मात्र तीच वाटायला हवी.

हे नाटक मला जवळचे वाटते, त्याला कारण आहे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी आम्ही 'पानी' म्हणतो, 'लोनी' म्हणतो, 'कोन आलं?' असे विचारतो. 'न'चा 'ण' झाला नाही म्हणून पिकलेला हशा मीही ऐकला आहे. त्यामुळे फुलराणीच्या बोलण्यावर लोक हसतात तेव्हा माझे कान टवकारतात. हसू बोलीचे आहे की त्या मुलीचे?

भक्ती बर्वे यांचे या नाटकातले प्रसिद्ध स्वगत मी ध्वनिचित्रफितीवर पुन्हा पुन्हा ऐकले. बातम्या वाचणाऱ्या बाईंना या बोलीची टर उडवणे सोपे होते. त्यांनी ती उडवली नाही. आरंभी आपण हसतो, पण हळूहळू त्या आवाजात अपमान गिळलेल्या मुलीचा संताप चढत जातो आणि हसू आपोआप थांबते. आणखी एक गोष्ट लक्षात येते. या नाटकातले लोकांना तोंडपाठ असलेले भाषण शिकून शुद्ध झालेल्या मंजुळेचे नाही, तिच्या मूळच्या बोलीतलेच आहे. प्राध्यापकांनी घासूनपुसून काढायला घेतलेली भाषाच महाराष्ट्राने जपून ठेवली!

शॉ यांचा खरा प्रश्न पुढेच आहे. शिकल्यावर या मुलीने जायचे कोठे? जुनी जागा सुटली आणि नवी आपली नाही. हा प्रश्न माझ्यासारख्या अनेकींच्या घरात आज उभा आहे. पदवी घेताना आईच्या बोलीला परके व्हावेच लागते काय? भक्ती बर्वे यांनी यावर व्याख्यान दिले नाही, पण त्यांचा गळा उत्तर देतो. बातम्यांची मराठी आणि मंजुळेची मराठी, दोन्ही तेथे सुखाने नांदल्या. निरक्षर असूनही खानदेशी बोलीत अमर कविता रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी यांनाही त्यांनी दूरदर्शनच्या पडद्यावर साकारले.

१९८३ च्या 'जाने भी दो यारों' या हिंदी चित्रपटात त्यांनी धूर्त संपादिका शोभा सेन रंगवली. 'आई रिटायर होते'मधली त्यांची आईही गाजली. १९९० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. पती, अभिनेते शफी इनामदार, १९९६ मध्ये गेले. 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा कार्यक्रम त्या करीत. त्यासाठीच वाईला गेल्या असता परतताना, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे बावन्न. पु. ल. जाऊन बरोबर आठ महिने झाले होते.

आमच्या पिढीला त्यांचा एकही प्रयोग पाहायला मिळाला नाही. मात्र वर्गात शुद्ध वाचणारी आणि घरी आईशी 'पानी' म्हणणारी मुलगी एकच असू शकते, आणि तिला दोन्हीकडे मान वर करून बोलता येते, हा धडा त्या आवाजाने मला दिला. तो मला पाठ्यपुस्तकात कुठे सापडला नव्हता.